दादरहून लालबागच्या यंत्राला निरोप

गणेशोत्सव महिन्यावर आला की लालबाग-परळच्या गल्ल्यांतून रात्रीचे दिवे लवकर मालवत नाहीत. मूर्तींच्या कारखान्यांत रंगकाम चालू असते आणि शेजारच्या गाळ्यांत मखरांची घाई उडालेली असते. पूर्वी मखरे बहुधा थर्मोकोलची असत. तापलेल्या तारेने किंवा ब्लेडने कारागीर ती हातानेच कापीत. २०१८ साली महाराष्ट्रात थर्मोकोलच्या वस्तूंवर बंदी आली. तेव्हापासून पुठ्ठा, कापड आणि प्लायवूड यांची मखरे अधिक दिसू लागली. प्लायवूडमधली नाजूक जाळी हाताने कापायची तर दिवसच्या दिवस जातील. म्हणून तेथे राउटर नावाचे यंत्र आले. या यंत्रात वेगाने फिरणारे एक बारीक पाते असते. संगणकाच्या आज्ञेप्रमाणे ते डावीकडे-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली सरकते व फळीतून नक्षी कापून काढते.

आता अशी कल्पना करा. नक्षी काढणारा तरुण दादरला आपल्या घरी संगणकापुढे बसला आहे. यंत्र तीन-चार किलोमीटर दूर, लालबागच्या एका गाळ्यात आहे. पूर्वी हा तरुण नक्षीची फाईल एखाद्या पेनड्राइव्हवर घेऊन बस पकडून लालबागला गेला असता. आज ती फाईल तारेवरून वा हवेतून क्षणात तेथे पोचते. इतकेच नव्हे, तर “ही फाईल उघड” असा निरोपही दादरहूनच यंत्राला देता येतो.

मग पुढचा प्रश्न सहज मनात येतो. “आता कापायला लाग” हा निरोपही दादरहूनच का देऊ नये?

त्याच क्षणी लालबागच्या गाळ्यात काय चालले असेल, ते डोळ्यांपुढे आणा. यंत्र चालवणारे काका पात्याखाली वाकून प्लायवूडचा शिकंजा आवळत आहेत. त्यांचा हात पात्यापासून चार बोटांवर आहे. दादरच्या पडद्यावर मात्र यातले काहीच दिसत नाही. तेथे फक्त “यंत्र रिकामे आहे” एवढीच अक्षरे आहेत.

दूरवरून यंत्राला प्रोग्रॅम देणे ही साधी गोष्ट वाटते. पण तिच्यात तीन वेगवेगळ्या क्रिया दडलेल्या आहेत: फाईल पोचवणे, फाईल उघडणे आणि यंत्र चालवणे. या तिन्हींची गल्लत झाली तर हातावर बेतू शकते. त्या वेगळ्या का ठेवायच्या आणि कशा, हे या लेखात पाहू. त्यासाठी सुरुवात मात्र परळ-लालबागच्याच जुन्या ओळखीच्या यंत्रापासून करू.

साचेखात्यातली खुंटी

मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केली व १८५६ साली ताडदेव येथे तिचे काम सुरू झाले. पुढे परळ, लालबाग, लोअर परळ, भायखळा हा सारा भाग गिरण्यांनी भरून गेला व त्याला गिरणगाव असे नाव पडले. गिरणीत मागाला ‘साचा’ म्हणत आणि जेथे साचे चालत ते ‘साचेखाते’.

साध्या कापडात ताण्याचे धागे एकाआड एक वर उचलले जातात व त्यांच्यामधून धोटा बाण्याचा धागा घेऊन जातो. पण लुगड्याची किंवा धोतराची नक्षीदार किनार विणायची, तर प्रत्येक फेरीला वेगळे धागे उचलावे लागतात. हे लक्षात ठेवण्याचे काम साच्यावर बसवलेली ‘डॉबी’ करीत असे. डॉबीला लाकडी पट्ट्यांची एक साखळी असे. पट्टीत भोके आणि काही भोकांत खुंट्या. जेथे खुंटी, तेथील धाग्यांचा गट वर. जेथे खुंटी नाही, तो गट खाली. साखळी एकेक पट्टी पुढे सरके आणि किनार आपोआप विणली जाई. याहून गुंतागुंतीची फुले-पाने विणायला जॅकार्डची रचना लागे. फ्रान्समधील ल्यों शहराच्या जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ साली ती पूर्णत्वाला नेली. तिच्यात पट्ट्यांऐवजी छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते.

खुंट्यांची साखळी काय किंवा पुठ्ठ्यांची माळ काय, हा यंत्राला दिलेला प्रोग्रॅमच होय. नक्षी बदलायची म्हणजे साचा बदलायचा नाही, फक्त साखळी बदलायची. ही कल्पना फार मोठी होती. यंत्र एक आणि त्याला सांगायच्या गोष्टी अनेक!

या पद्धतीत प्रोग्रॅम बदलण्यासाठी माणसाला साच्यापर्यंत जावेच लागे. साचा थांबवायचा, जुनी साखळी काढायची, नवी चढवायची, पहिल्या पट्टीवर आणायची आणि मग हात बाजूला घेऊन साचा सुरू करायचा. पोचवणे, चढवणे आणि चालवणे ही तिन्ही कामे एकाच जागी, एकाच माणसाच्या डोळ्यांदेखत होत. त्यामुळे ती वेगळी आहेत हे कोणाला मुद्दाम सांगावे लागत नसे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर बहुतेक गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थांबले आणि साचेही गेले. पण साखळीतल्या खुंटीची कल्पना मात्र दुसऱ्या वाटेने लेथ आणि मिलिंग यंत्रांपर्यंत जाऊन पोचली होती.

आकडे मोठ्याने वाचणारा माणूस

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जॉन पार्सन्स नावाचे एक उद्योजक हेलिकॉप्टरची पाती तयार करीत असत. पात्याचा छेद वक्र असतो. तो वक्र बरोबर साधण्यासाठी लागणारा पत्र्याचा नमुना कापायचा कसा? पार्सन्स यांनी छिद्रित पत्त्यांवर चालणाऱ्या गणनयंत्रांकडून त्या वक्रावरील दोनशे बिंदूंचे आकडे काढून घेतले. मग मिलिंग यंत्रापाशी तीन माणसे उभी राहिली. एक जण कागदावरचे आकडे मोठ्याने वाची. दुसरा एका दिशेचे चाक तेवढे फिरवी आणि तिसरा दुसऱ्या दिशेचे. दोन्ही चाके जागेवर आली की एक बिंदू कापला जाई. मग पुढचा आकडा.

माणसे आकडे ऐकून चाके फिरवू शकतात, तर चाकांना मोटर जोडून तेच आकडे सरळ मोटरीला का सांगू नयेत? या विचारातून पार्सन्स यांचे काम मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजे एमआयटी या संस्थेपर्यंत पोचले. तेथे १९५२ साली आकड्यांवर चालणारे मिलिंग यंत्र लोकांना दाखवण्यात आले. त्याला आकडे मिळत ते छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून. जॅकार्डच्या पुठ्ठ्यांची ही चुलत बहीणच म्हणायची.

पुढे सर्वत्र एक इंच रुंदीची, आठ रांगांची पट्टी रूढ झाली. तिच्यावर एका इंचात दहा अक्षरे मावत. म्हणजे सहा हजार अक्षरांच्या प्रोग्रॅमला सहाशे इंच, अर्थात पन्नास फूट पट्टी लागे. कारखान्यात धूळ आणि तेल यांची कमी नसते. एखादे छिद्र बुजले तर आकडा बदलणार आणि पाते भलतीकडेच जाणार! यावर उपाय म्हणून एका प्रचलित संकेतात असा नियम केला की, प्रत्येक अक्षराची छिद्रे मोजली तर ती विषमच भरली पाहिजेत. एखाद्या अक्षराला मुळात चार छिद्रे असतील, तर एक जादा छिद्र पाडून ती पाच करायची. वाचकाला सम संख्या आढळली की तो ओळखी: येथे काहीतरी चुकले आहे, पुढे जायचे नाही. यंत्राला मिळालेला निरोप तपासून घेण्याची ही जुनी व फार सोपी युक्ती होय.

याच पट्टीने आपल्याला आणखी एक खूण दिली. प्रोग्रॅम कोठे सुरू होतो हे कळावे म्हणून पट्टीवर टक्क्याचे चिन्ह उमटवत. पट्टी उलटी गुंडाळताना यंत्र त्या चिन्हाशी थांबे. कागदी पट्ट्या गेल्या, तरी टक्क्याचे चिन्ह मात्र आजही प्रोग्रॅमच्या पहिल्या व शेवटच्या ओळीवर लिहितात. ते अजून कसे उपयोगी पडते, हे लवकरच पाहू.

पट्टीऐवजी तार

एकेका यंत्रापाशी पट्ट्यांची भेंडोळी घेऊन धावण्यापेक्षा एका मोठ्या संगणकातून तारेवरून अनेक यंत्रांना आज्ञा द्याव्यात, ही कल्पना १९६०च्या दशकात प्रत्यक्षात आली. पुढे यंत्रापाशीच छोटा संगणक बसू लागला. तरीही त्याची स्मृती तोकडी असे. मोठा प्रोग्रॅम तिच्यात मावत नसे, म्हणून दुसऱ्या संगणकातून तो थोडाथोडा सोडावा लागे. सलाइनच्या बाटलीतून थेंब पडावेत तसे! यंत्राचे पोट भरले की ते “थांब” अशी खूण पाठवी आणि रिकामे झाले की “पाठव” अशी.

त्या तारेचा वेग किती होता? नेहमीचा एक वेग सेकंदाला ९६०० खुणांचा असे. एका अक्षरामागे सुमारे दहा खुणा धरल्या, तर सेकंदाला ९६० अक्षरे होतात. दोन लाख अक्षरांची नक्षी पाठवायला साडेतीन मिनिटे लागत. काम चालू असताना मध्येच तार निसटली, तर यंत्र अर्ध्या जॉबवर उपाशी थांबून राही. तेव्हापासून कारागिरांनी धडा घेतला: शक्य असेल तर आधी सगळा प्रोग्रॅम यंत्रापाशी आणून ठेवावा, मगच कापायला सुरुवात करावी.

हा धडा आजच्या वेगवान जाळ्यातही खराच आहे. असे पाहा, आपले पाते मिनिटाला तीन मीटर वेगाने सरकते आहे. म्हणजे सेकंदाला ५० मिलिमीटर. पात्याने कधी वळायचे हे दर क्षणी दादरहून सांगायचे ठरवले आणि एखादा निरोप अर्धाच सेकंद उशिरा पोचला, तरी तेवढ्यात पाते २५ मिलिमीटर पुढे गेलेले असेल. तीन मिलिमीटरच्या जाळीत २५ मिलिमीटरची चूक! म्हणून पात्याची हालचाल सांभाळणारा संगणक यंत्रापाशीच हवा. दूरवरून पाठवायचा तो प्रोग्रॅम, हालचाल नव्हे.

कपाट उघडे असलेला नियंत्रक

यंत्र चालवणाऱ्या या संगणकाला आपण नियंत्रक म्हणू. बहुतेक नियंत्रक बंद पेटीसारखे असतात. आत कोणत्या आज्ञा लिहिल्या आहेत ते फक्त बनवणाऱ्याला ठाऊक. अमेरिकेच्या मानक व तंत्रज्ञान संस्थेने १९९०च्या दशकात एक वेगळा नियंत्रक तयार केला. तो साध्या संगणकावर चाले आणि त्याचे सारे मूळ लेखन सर्वांना खुले होते. पुढे निरनिराळ्या देशांतील हौशी व जाणकार मंडळींनी ते काम हाती घेतले. २०१२च्या सुमारास त्याला ‘लिनक्ससीएनसी’ हे आजचे नाव मिळाले. कोणीही तो फुकट घ्यावा, वाचावा, सुधारावा आणि सुधारलेला इतरांना द्यावा, अशी त्याची रीत आहे.

या नियंत्रकाचे आतले काम गिरणीतल्यासारखे वाटून दिलेले आहे. एक भाग फक्त मोटरींकडे पाहतो. साधारणपणे दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदातून हजार वेळा, तो पाते कोठे असायला हवे याचा हिशेब करतो. दुसरा भाग प्रोग्रॅमच्या ओळी वाचून त्यांचा अर्थ लावतो. तिसरा पडद्यावर माणसाशी बोलतो. पडद्याचा भाग वेगळा असल्यामुळे त्याच्या जागी दुसरा कोणीही बोलणारा बसवता येतो. तो शेजारच्या खोलीतला संगणक असू शकतो किंवा दादरचाही!

प्रोग्रॅमची भाषाही पाहून घेऊ. ती इंग्रजी अक्षरांत लिहितात. येथे आपण उच्चार देऊ. ‘जी २१’ म्हणजे मापे मिलिमीटरमध्ये. ‘जी ०’ म्हणजे न कापता झटकन जा. ‘जी १ एक्स १२५ एफ ३०००’ म्हणजे मिनिटाला ३००० मिलिमीटर वेगाने कापत कापत एक्स दिशेला १२५व्या मिलिमीटरपर्यंत जा. ‘एम ३’ म्हणजे पाते फिरव, ‘एम ५’ म्हणजे थांबव आणि ‘एम २’ म्हणजे प्रोग्रॅम संपला. पार्सन्स यांचा माणूस मोठ्याने वाचत होता, ते हेच आकडे.

पहिला टप्पा : पोचवणे

दादरहून निघालेली फाईल लालबागला पोचताना मध्येच तुटली, तर काय होईल? समजा शेवटची ओळ ‘एक्स १२५’ होती आणि ‘एक्स १२’ एवढेच पोचले. नियंत्रकाच्या दृष्टीने ‘एक्स १२’ ही अगदी शुद्ध ओळ आहे! तिच्यात व्याकरणाची चूक नाही. पाते मुकाट्याने १२व्या मिलिमीटरकडे धावेल आणि मखराच्या मधोमध आडवी चीर पडेल.

येथे ते जुने टक्क्याचे चिन्ह कामाला येते. लिनक्ससीएनसीचा नियम असा आहे की, पहिल्या ओळीवर टक्क्याचे चिन्ह असेल, तर शेवटीही ते असलेच पाहिजे. नाहीतर चूक दाखवली जाते. पहिल्या ओळीवर ते नसेल, तर प्रोग्रॅमच्या शेवटी ‘एम २’ किंवा ‘एम ३०’ तरी हवे. शेपूट तुटलेली फाईल त्यामुळे ओळखता येते. पण ही चूक वाचता वाचता फाईलच्या टोकाशी गेल्यावर कळणार. कापत कापतच टोकाशी पोचलो, तर फळी वाया गेलेलीच असेल! म्हणून तपासणी आधीच झाली पाहिजे.

त्यासाठी जाणकार अशी रीत पाळतात. फाईल प्रथम तात्पुरत्या नावाने यंत्रापाशी उतरवायची. ती पूर्ण आली का, हे तिच्या लांबीवरून आणि तिच्यातील सर्व अक्षरांपासून गणिताने काढलेल्या एका खूण-संख्येवरून ताडून पाहायचे. दोन्ही टोकांची खूण-संख्या जुळली, तरच तिला खरे नाव द्यायचे. नाव बदलणे ही एका फटक्यात होणारी क्रिया आहे. त्यामुळे खऱ्या नावाची अर्धवट फाईल कोणाच्या हाती पडतच नाही. शिवाय सुधारलेल्या नक्षीला दरवेळी नवे नाव द्यावे. ‘मखर’ या एकाच नावाखाली सोमवारची नक्षी की मंगळवारची, हा घोळ मग उरत नाही.

दुसरा टप्पा : उघडणे

फाईल पोचली, पण नियंत्रकाने अजून ती हातात घेतलेली नाही. साखळी साच्यापाशी आणून ठेवली, पण डॉबीवर चढवली नाही, तसे हे झाले. लिनक्ससीएनसीमध्ये दूरवरून बोलण्यासाठी एक छोटा दुभाष्या-प्रोग्रॅम आहे. त्याच्याशी साध्या ओळींत संभाषण होते. प्रथम ‘हॅलो’ म्हणून परवलीचा शब्द सांगायचा. एवढ्याने फक्त विचारपूस करण्याची मुभा मिळते: यंत्र चालू आहे का, पाते कोठे आहे, वगैरे. आज्ञा द्यायची तर ‘सेट एनेबल’ म्हणून दुसरा परवलीचा शब्द द्यावा लागतो. एका वेळी एकाच बोलणाऱ्याला हा अधिकार असतो. मग ‘सेट ओपन’ असे म्हणून फाईलचे नाव सांगायचे.

येथे नीट लक्ष द्या. या आज्ञेबरोबर जाते ते फक्त नाव. फाईल जात नाही. नियंत्रक ते नाव आपल्याच संगणकावर शोधतो. दादरच्या संगणकावर ती फाईल कितीही ठळक दिसत असली, तरी लालबागला ती नसेल तर उत्तर नकाराचेच येणार. नवशिक्यांचा येथे हमखास गोंधळ होतो. पोचवणे आणि उघडणे यांतला फरक कळला की तो आपोआप मिटतो. तसेच दुसरा प्रोग्रॅम चालू असताना नियंत्रक नवा उघडू देत नाही. धोटा धावत असताना साखळी बदलू नये, हा साचेखात्यातला शहाणपणा येथे आज्ञावलीत लिहून ठेवला आहे.

परवलीच्या शब्दांविषयीही सावध राहिले पाहिजे. मुळात दिलेले शब्द नियंत्रकाच्या माहितीपुस्तकात छापलेले आहेत, म्हणजे ते साऱ्या जगाला ठाऊक आहेत. ते बदलायलाच हवेत. शिवाय हे संभाषण उघड अक्षरांत चालते. रस्त्यात कोणीही ते वाचू शकेल. म्हणून हा दरवाजा गाळ्याच्या आतल्या जाळ्यापुरताच ठेवावा आणि बाहेरून यायचे तर सांकेतिक लिपीत गुंडाळलेल्या सुरक्षित मार्गानेच यावे.

फाईल उघडल्यावर नियंत्रकाच्या पडद्यावर पात्याच्या संपूर्ण मार्गाचे रेखाचित्र काढता येते. एकही फळी न कापता सगळा प्रवास दिसतो. ‘एक्स १२’ची ती आडवी चीर येथे लगेच डोळ्यांत भरेल.

तिसरा टप्पा : चालवणे

दुभाष्याला ‘सेट रन’ ही आज्ञाही कळते. म्हणजे दादरहून यंत्र सुरू करणे अशक्य नाही. पण शक्य आहे म्हणून ते करावे का?

फाईलला काय ठाऊक आहे याचा विचार करा. तिला आकडे ठाऊक आहेत. फळी बारा मिलिमीटरची आणली की अठराची, ते तिला ठाऊक नाही. शिकंजा कोठे लावला आहे, पाते बोथट झाले आहे की नाही, कामाचे ‘झीरो’ म्हणजे आरंभबिंदू नीट घेतला आहे का, टेबलावर कोणी पाना विसरला आहे का, हे काहीही तिला ठाऊक नाही. आणि काकांचा हात कोठे आहे, हे तर मुळीच नाही. या सर्व प्रश्नांची उत्तरे फक्त यंत्रापाशी उभे राहणाऱ्यालाच देता येतात. म्हणून पोचवणे आणि उघडणे दादरहून खुशाल व्हावे. चालवण्याचे बटण मात्र लालबागला, यंत्राकडे पाहणाऱ्या माणसाच्या बोटाखाली असावे. ज्या मोठ्या कारखान्यांत यंत्रे माणसावाचून सुरू होतात, तेथे यंत्राभोवती बंद दारे असतात आणि दार उघडे असेपर्यंत यंत्र हलतच नाही. माणसाच्या नजरेची जागा तेथे दाराच्या कुलपाने घेतलेली असते. नुसती सोडून दिलेली नसते.

थांबवण्याचे बटण तर याहून महत्त्वाचे. ते लाल, मोठे आणि हाताशी हवेच. शिवाय ते दाबल्यावर वीज प्रत्यक्ष तारेतून तुटली पाहिजे. संगणकाला “कृपया थांब” असे सांगणारे बटण पुरेसे नाही, कारण संगणकच अडकला असेल तर तो ऐकणार कसा? मग दादरहून येणाऱ्या “थांब” या निरोपावर विसंबणे किती धोक्याचे, हे वेगळे सांगायला नको.

हे सर्व नियम कोणत्याही नियंत्रकाला लागू आहेत. खुल्या नियंत्रकाचा विशेष एवढाच की, तो नियम खरोखर पाळतो का, हे कोणालाही उघडून पाहता येते. चुकीची परवली दिल्यावर काय होते, चालू कामात फाईल उघडायला सांगितली तर काय होते, याचे उत्तर त्याच्या मूळ लेखनात वाचता येते. गिरणीतला जुना साचेवाला डॉबीची खुंटीन् खुंटी डोळ्यांनी पाहू शकत असे, तशीच ही सोय आहे.

करून पहा

हे सारे समजून घ्यायला राउटर नको. आलेख-कागद, पेन्सिल आणि तीन विद्यार्थी पुरेत. एक ‘चित्रकार’, एक ‘दूत’ आणि एक ‘यंत्र’. चित्रकार एका वर्गात, यंत्र दुसऱ्या वर्गात. चित्रकाराने पुढील प्रोग्रॅम चिठ्ठीवर लिहावा. पहिला आकडा आडवा, दुसरा उभा, मापे मिलिमीटरमध्ये.

१. पेन्सिल उचलून ५०, १० वर जा.
२. पेन्सिल टेकवून ९०, ५० वर जा.
३. तशीच ५०, ९० वर जा.
४. तशीच १०, ५० वर जा.
५. तशीच ५०, १० वर जा.
६. पेन्सिल उचल. संपले.

कागदावर शंकरपाळ्याचा आकार उमटेल. आता दूताने वाटेत खोडी करावी. दुसऱ्या ओळीतल्या ९० मधले शून्य खोडावे. यंत्र तक्रार न करता वाकडे चित्र काढील. मग चिठ्ठीखाली सर्व आकड्यांची बेरीज लिहा. ती ४६० भरते. यंत्राने चित्र काढण्यापूर्वी बेरीज करून पाहावी. खोडी लगेच पकडली जाईल.

पण दूत हुशार असेल, तर तो तिसऱ्या व चौथ्या ओळींची अदलाबदल करील. बेरीज तीच आणि चित्र मात्र चुकीचे! आता प्रत्येक ओळीतील आकड्यांच्या बेरजेला ओळीच्या क्रमांकाने गुणून मग एकूण करा. मूळ प्रोग्रॅमची ही संख्या १३०० येते आणि अदलाबदल केल्यावर १३८०. चोरी पकडली! तरीही एक पळवाट उरतेच. दुसऱ्या व तिसऱ्या ओळींची अदलाबदल करून पाहा, संख्या बदलणार नाही. का, ते शोधा आणि त्यावर तुमची स्वतःची युक्ती काढा. खऱ्या खूण-संख्या काढणाऱ्या गणितज्ञांना याच अडचणींतून जावे लागले.

शेवटचा नियम सर्वांत सोपा. यंत्र झालेल्या विद्यार्थ्याने स्वतः “तयार” म्हटल्याशिवाय पहिली ओळ सुरू करायची नाही. तो कदाचित पेन्सिलीला टोक करीत असेल!

शाळेत संगणक असेल, तर शिक्षकांच्या मदतीने लिनक्ससीएनसीचा नकली यंत्राचा प्रकारही चालवून पाहता येईल. त्यात मोटर नसते, पाते नसते, फक्त पडद्यावर हलणारे चित्र असते. हात कापण्याचे भय नसल्यामुळे तेथे चुका मनसोक्त कराव्यात. खरी यंत्रे हाताळण्याची संधीही महाराष्ट्रातल्या मुलांना अगदीच दूर नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या ‘फॅब लॅब’पैकी एक २००२ साली याच आश्रमात उभी राहिली. संगणकाने चालणारी यंत्रे खेड्यातल्या मुलांच्या हाती यावीत, हा तिचा उद्देश. १९५२ साली ज्या संस्थेत कागदी पट्टीवर चालणारे मिलिंग यंत्र दाखवले गेले, त्याच संस्थेतून निघालेली ही कल्पना महाराष्ट्रातल्या एका गावात येऊन रुजली.

आता पुन्हा लालबागच्या गाळ्यात येऊ. दादरहून फोन आला आहे.

“काका, फाईल पाठवली. पोचली का?”

“पोचली. ओळी किती तुझ्या?”

“दोन हजार एकशे बारा.”

“बरोबर, तेवढ्याच आहेत. उघड तिकडून.”

पडद्यावर जाळीचे चित्र उमटते. काका ते चष्मा सावरून पाहतात, शिकंजा पुन्हा एकदा हलवून बघतात, टेबलावरचा पाना उचलून खिशात घालतात.

“चालू करू का काका?”

“तू नको. मी करतो.”